फोटोंचा घाणा

बालदोस्तांनो, दिवाळीत घरी चकल्या तळताना पाहिलंय ना? एकेक चकली तळत बसलं तर भाऊबीज उजाडेल! म्हणून कढईत मावतील तेवढ्या एकदम सोडायच्या. त्याला म्हणतात घाणा. पण आजी काय करते? आधी एकच चकली तळून बघते. ती तेलात विरघळली, तर मोहन जास्त झालं हे कळतं आणि बाकीचं पीठ वाचतं. ही एक चकली लक्षात ठेवा. मी ती विसरले होते. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आमच्या स्नेहसंमेलनाचे १८० फोटो मी मोबाईलवर काढले होते. एकेक फोटो साधारण ५ एमबीचा, म्हणजे सगळे मिळून ९०० एमबी! ते तसेच शाळेच्या वेबसाईटवर टाकले असते, तर पालकांचा दिवसभराचा डेटा कोळीनृत्य बघण्यातच संपला असता. म्हणून फोटो लहान करायचे ठरवलं. संगणकाला एकदाच हुकूम दिला आणि सगळ्यांचा एकदम घाणा काढला. संगणकाच्या भाषेत याला ‘बॅच’ म्हणतात. काही मिनिटांत काम फत्ते! मी खूश.

पण लहान केलेले फोटो मी त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावांनी साठवले होते. त्यामुळे मोठे फोटो कायमचे पुसले गेले. मोबाईलमधले फोटो तर जागा व्हावी म्हणून मी आदल्याच दिवशी काढून टाकले होते.

आठ दिवसांनी आमच्या मावशी आल्या. मावशी म्हणजे शाळेत वर्षानुवर्षं खिचडी शिजवणाऱ्या. संमेलनात त्यांचा निरोपाचा सत्कार झाला होता. त्या दिवशी त्या पहिल्यांदा स्टेजवर चढल्या. पिशवीतून नवी कोरी फ्रेम काढून म्हणाल्या, “बाई, माझा तो फोटो एवढा मोठा करून द्या. भिंतीला लावते.”

फ्रेम होती १० बाय ८ इंचांची. आता गणित करूया. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. १० इंचांना किती? ३०००. मूळ फोटोत आडवे ४००० ठिपके होते, म्हणजे फ्रेम सहज भरली असती. माझ्याकडे उरले होते फक्त ६४०. त्यात जेमतेम दोन इंच भरतात!

“मग पुन्हा मोठा करा ना, बाई!” असं म्हणाल तुम्ही. चौकटीची वही घ्या. ८ बाय ६ चौकटींचं चित्र रंगवा. चौकटी झाल्या ४८. तेच चित्र ४ बाय ३ मध्ये काढा. चौकटी उरल्या १२. लांबी-रुंदी निम्मी केली, पण ठिपके मात्र पाव झाले! आता या १२ वरून आधीचे ४८ रंग सांगता येतील? नाही. संगणकही अंदाजानेच मधले रंग भरतो, म्हणून चेहरा धूसर दिसतो.

शेवटी तो लहानसा फोटो कोऱ्या कागदाच्या मधोमध चिकटवून फ्रेममध्ये बसवला. मावशी म्हणाल्या, “असू द्या बाई, दिसते की मी.” त्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

तेव्हापासून मी असं करते, तुम्हीही करा :

१. आधी दोन फोल्डर करा, ‘मूळ’ आणि ‘लहान’. ‘मूळ’ला हात लावायचा नाही. त्याची एक प्रत पेनड्राईव्हवरही ठेवा.

२. विंडोजच्या संगणकावर इरफानव्ह्यू हा प्रोग्रॅम घ्या. इरफान श्किल्यान यांनी तो १९९६ साली आणला. घरी आणि शाळेत वापरायला तो मोफत आहे. त्याच्या ‘फाईल’ मेनूत ‘बॅच कन्व्हर्जन’ सापडेल.

३. लांब बाजू १२०० ठिपके ठेवा. पडद्यावर बघायला तेवढं पुरतं. लांबी-रुंदीचं प्रमाण राखण्याची खूण करा, नाहीतर सगळे जण एकतर लांबुडके दिसतील किंवा बुटके!

४. फोटोंसाठी जेपेग प्रकार निवडा, दर्जा ८० च्या आसपास. रेघांची चित्रं आणि अक्षरं पीएनजीमध्ये स्वच्छ राहतात.

५. तयार फोटो ‘लहान’ फोल्डरमध्येच जातील असं सांगा. आणि आधी दोनच फोटो करून बघा. हीच ती पहिली चकली!

जेपेग फोटो इतका आटोपशीर कसा करतं? आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातले बारीक फरक तेवढे कळत नाहीत. जे डोळ्यांना कळत नाही, त्यातलं बरंच ते गाळून टाकतं. यामागची गणिती रीत बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडली. जेपेगचं मानक आलं १९९२ साली. पण एकदा गाळलेलं परत येत नाही. पुन:पुन्हा साठवलेला जेपेग म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स!

पालकांसाठी दोन शब्द : मोबाईलमधलं ‘लोकेशन’ चालू असेल, तर फोटो कुठे काढला ती जागाही त्या फाईलमध्ये लपलेली असू शकते. लहान करतानाच ही माहिती काढून टाकण्याची सोय असते. मुलांचे फोटो जगापुढे ठेवण्याआधी ती जरूर वापरा. आणि मुलांनाही एकदा विचारा, “टाकू का रे तुझा फोटो?”

मुलांनो, आज घरी एक काम करा. आजी-आजोबांचे जे फोटो मोबाईलमध्ये आहेत, त्यांचं ‘मूळ’ फोल्डर तयार करा. लहान फोटो केव्हाही करता येतील. मोठा मात्र एकदाच मिळतो!

तुमच्या,
बाई