स्वस्त राज्यातील घरखर्च

बदलीचा आदेश हाती पडला आणि गाव रायपूर निघाले, की घरात पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "चला, तिकडे निदान स्वस्ताई तरी आहे." नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. त्यामुळे हा समजही जुनाच. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्याच्या भरवशावर महिन्याचे अंदाजपत्रक आखणारे कुटुंब पहिल्या वर्षातच ओढाताणीत सापडते.

आकडेवारी वरकरणी या समजाला दुजोरा देते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार छत्तीसगढातील दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात २,७३९ रुपये, तर शहरी भागात ४,९२७ रुपये होता. देशाची सरासरी अनुक्रमे ४,१२२ व ६,९९६ रुपये होती. सर्व राज्यांत छत्तीसगढचा आकडा सर्वांत कमी. चौघांच्या शहरी कुटुंबाचा हिशेब केला, तर महिना १९,७०८ रुपयांत भागावा. गणित म्हणून हे उत्तर बिनचूक आहे. सल्ला म्हणून निरुपयोगी.

कारण ही पाहणी लोक किती खर्च करतात ते सांगते, नीट जगण्यास किती लागते ते नव्हे. ज्याची मिळकतच तुटपुंजी, त्याचा खर्च कमी दिसणारच. शिवाय शासनाकडून मोफत मिळालेल्या धान्याचे मूल्य वरील आकड्यांत धरलेले नाही. कर्जाचा हप्ता उपभोग खर्चात मोडत नाही, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे भाडे तर शून्यच. देशातील शहरी खर्चात घरभाड्याचा वाटा अवघा साडेसहा टक्क्यांच्या आसपास दिसतो, तो यामुळे. भाड्याच्या घरात बिऱ्हाड थाटणाऱ्या बदलीवाल्यास तो वाचून हसूच येईल.

रायपुरात घरभाडे मुंबई-पुण्याहून उतरते, यात वाद नाही. तांदूळ व भाजीपालाही परवडतो. पण औषधाच्या वेष्टनावरील किंमत राज्य पाहून बदलत नाही. मोबाइलचे शुल्कही नाही. मुलांच्या स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या राजधानीच्या शहरात स्वस्त असतात, ही तर निव्वळ भाबडी समजूत होय. त्यात दिवाळीला आणि मे महिन्यात गावी जाण्यायेण्याचे भाडे नव्याने वाढते, जे पूर्वी अंदाजपत्रकात नव्हतेच.

उत्पन्नाची बाजू तर बहुतेक जण विसरतातच. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता, जानेवारी २०२४ पासूनच्या दरांनुसार, मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि रायपुरात २० टक्के असा ठरला. ५०,००० रुपये मूळ वेतन असणाऱ्याचे महिना ५,००० रुपये येथेच घटतात. भाड्यात तेवढीच बचत झाली, तर हाती काहीच उरले नाही.

सवलतींचेही असेच. छत्तीसगढात २०१९ पासून ४०० युनिटांपर्यंत वीजबिल निम्मे होत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा १०० युनिटांवर आणली गेली, पुढे डिसेंबरमध्ये २०० वर नेली गेली. रायपूरचा उन्हाळा मात्र होता तसाच कडक राहिला. सवलत गृहीत धरून वातानुकूलन यंत्राचा हप्ता घेणाऱ्यांची त्या काळात काय गत झाली असेल, ते सांगणे नलगे.

म्हणून बदलीनंतरचे पहिले तीन महिने कोणताही नवा हप्ता न घेता केवळ खर्च लिहून काढावा, हे बरे. भत्त्यातील घट वजा जाता भाड्यात जी खरी बचत उरेल, ती पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत वळती करावी. तीन-चार वर्षांनी परतीची बदली होते, आणि मुंबईत नवे घर भाड्याने घेताना घरमालक अनामत रक्कम आधी मागतो.