सौदीचं सिम विमानतळावर मिळतं, मग भारतातलं सिम घरी ठेवायचं का?

हज किंवा उमराला निघालेल्या घरात तयारीची यादी ठरलेली असते. एहराम, औषधं, रियाल, घरचा फराळ. मोबाइलचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि तोही बहुतेक वेळा एका वाक्यात मिटतो : "तिकडं गेल्यावर सिम घेऊ, हे सिम पोराकडं राहू द्या, ओटीपी येतात."

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यातलं पिशोर असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही मोठं गाव, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला कारणही आहे. बँकेचे मेसेज, गॅसचं बुकिंग, पीएम किसानची केवायसी, सगळं त्या एका नंबरवर चालतं. पण आता हाच सल्ला महागात पडू शकतो.

रोमिंग इतकं महाग का?

तुमचं भारतीय सिम जेद्दाहमध्ये चालतं तेव्हा प्रत्यक्षात तिथल्या एसटीसी, मोबिली किंवा झैन यांपैकी एखाद्या कंपनीचं नेटवर्क वापरलं जातं. ती कंपनी त्याचे पैसे भारतीय कंपनीकडून घेते आणि भारतीय कंपनी तुमच्याकडून. दोन कंपन्यांमधला हा घाऊक दर ग्राहकाला कधीच दिसत नाही.

तो किती कमी असू शकतो, याचा अंदाज युरोपवरून येतो. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरानं चालतं. त्यासाठी कंपन्यांनी एकमेकांकडून जास्तीत जास्त किती घ्यायचं, हे कायद्यानं ठरवून दिलं आहे. २०२५ साठी ही मर्यादा एका जीबीला १.३० युरो होती, म्हणजे साधारण सव्वाशे रुपये. २०२७ मध्ये ती १ युरोवर येणार आहे.

भारतीय ग्राहकाला असं संरक्षण नाही. आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर ठरवण्याची मोकळीक ट्रायनं कंपन्यांना दिली आहे. त्यामुळे पॅक घेतला तर एक हिशेब आणि न घेता डेटा चालू राहिला तर भलताच हिशेब. प्रीपेडवाल्याचं नुकसान शिल्लक रकमेपुरतं राहतं. पोस्टपेडवाल्याला मात्र परत आल्यावर बिल बघून घाम फुटतो. विमानातही काही ठिकाणी मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचा दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा वेगळा असतो. एअरप्लेन मोड लावायचा तो यासाठीही.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. रोमिंगवर असताना येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात. भारतात २००३ पासून इनकमिंग फुकट असल्यामुळे ती सवय अंगात मुरली आहे. गावाकडून मामा, मावशी, शेजारी "पोहोचले का?" विचारायला नेहमीच्या नंबरवर फोन करतात आणि इकडे प्रत्येक मिनिटाला पैसे कापले जातात. एसएमएस येण्याला मात्र सहसा पैसे पडत नाहीत. म्हणजे ओटीपीसाठी भारतीय सिम परदेशात चालू ठेवणं ही फार खर्चाची गोष्ट नाही. महाग आहे तो डेटा आणि कॉल.

सौदीचं सिम घेताना

स्वस्त डेटासाठी तिथलं सिम हा सरळ मार्ग आहे. जेद्दाह आणि मदिना विमानतळांवर ही सिम मिळतात. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि बोटांचे ठसे लागतात. सौदीनं २०१६ मध्ये ठसे सक्तीचे केले. आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांचे ठसे मशीन चटकन घेत नाही, हे रेशन दुकानात उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यामुळे गटातल्या एखाद्या तरुण माणसानं सोबत थांबलेलं बरं.

फोनही तपासून घ्यायला हवा. जिओभारत किंवा जिओफोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. असा फोन घेऊन गेलेल्या आजोबांना सौदीचं सिम घेऊन काहीच उपयोग नाही. साधा दोन सिमचा अँड्रॉइड फोन पुरतो.

ई-सिम हा पर्याय सोशल मीडियावर सगळ्यात जास्त सुचवला जातो. पण बजेट फोनमध्ये बहुतेक वेळा ई-सिमची सोयच नसते. शिवाय परदेशी कंपन्यांची सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या दोन लोकप्रिय ई-सिम कंपन्यांची अ‍ॅप आणि वेबसाइट भारतात बंद करायला सांगण्यात आलं. एखाद्या रीलमध्ये दिसलेल्या लिंकवरून ई-सिम विकत घेण्याआधी विकणारा अधिकृत आहे का, ते बघा.

मग भारतीय सिम घरी का ठेवायचं नाही?

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागानं व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या अ‍ॅपना एक आदेश दिला. ज्या नंबरवर खातं उघडलं, ते सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालायला हवं, असं त्यात म्हटलं आहे. अंमलबजावणीला ९० दिवसांची मुदत देण्यात आली. कारण होतं सायबर फसवणुकीचं. भारतीय नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं, सिम फेकून द्यायचं आणि परदेशात बसून 'डिजिटल अरेस्ट'चे फोन करायचे, ही पद्धत रोखायची होती.

फसवणूक करणाऱ्यांसाठी केलेला हा नियम यात्रेकरूलाही लागू होतो. आजवर सिम काढून घरी ठेवलं तरी व्हॉट्सअ‍ॅप चालू राहायचं, म्हणून 'सिम पोराकडं' हा उपाय खपून जायचा. या आदेशानुसार सिम पिशोरला आणि फोन मक्केत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपही बंद पडायला हवं. भारतीय सिम फोनमध्येच असेल तर रोमिंगवरही अडचण नाही. म्हणून एका खणात भारतीय सिम, त्याचं डेटा रोमिंग बंद; दुसऱ्या खणात सौदीचं सिम, इंटरनेट त्यावरून. नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅप 'नंबर बदलायचा का?' असं विचारू शकतं. तिथं 'नाही' म्हणायचं.

घरातल्या ओटीपीची अडचण उरतेच. ती कामं निघण्याआधी उरकणं किंवा बँकेत कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्याची सोय करणं हाच खरा इलाज आहे. फोनवरून ओटीपी सांगत बसण्यात धोका आहे.

रिचार्जची तारीखही बघायला हवी. हज कमिटीची नेहमीची यात्रा साधारण ४० दिवसांची असते आणि लोकप्रिय रिचार्ज २८ दिवसांचा. म्हणजे यात्रेच्या मध्यावरच वैधता संपते आणि मग रोमिंगही थांबतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणं बंधनकारक केलं. परदेशात भारतीय सिमचा डेटा वापरायचाच नसेल, तर लांब मुदतीचा असा पॅक पुरेसा आहे. आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा मात्र भारतात असतानाच सुरू करून घ्यावी लागते. तिकडं गेल्यावर कस्टमर केअरला फोन लावायचा म्हटलं, तर त्यासाठीच नेटवर्क नसतं.

फोन लागला नाही तर

२०२४ च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१ अंशांच्या वर गेलं होतं. त्या वर्षी ९८ भारतीय यात्रेकरूंचा मृत्यू झाल्याचं परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं. आजारपण आणि वार्धक्य ही त्यामागची मुख्य कारणं दिली गेली. भारताचा कोटा होता १,७५,०२५ जणांचा. अशा बातम्या गावात पोहोचतात तेव्हा घरच्यांना फक्त एक 'ठीक आहे' ऐकायचं असतं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं आणलेल्या हज सुविधा अ‍ॅपवर तातडीच्या मदतीची सोय आहे, पण त्यालाही डेटा लागतोच.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. इंटरनेट कॉलवरची सरसकट बंदी सौदीनं २०१७ मध्ये उठवली, तरी व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागेलच, असं धरून चालू नये. विमान दुबईमार्गे असेल तर तिथं हे कॉल बंदच असतात. मेसेज आणि व्हॉइस नोट मात्र जातात. ज्यांना टाइप करता येत नाही, त्यांना निघण्याआधी घरीच दोन-चार वेळा व्हॉइस नोट पाठवायला शिकवा. आणि सौदीचा नंबर, गटप्रमुखाचा नंबर आणि मुक्कामाच्या इमारतीचा क्रमांक एका कागदावर लिहून तो यात्रेकरूच्या गळ्यातल्या पाकिटात ठेवा, दुसरी प्रत घरी. मिनाच्या गर्दीत बॅटरी संपली तर कुणाच्याही फोनवरून नंबर लावता येतो.