नावापुढची चांदणी

अमेरिकेत कूपर्सटाउन नावाच्या गावी बेसबॉलचं मोठं संग्रहालय आहे, तिथे एक चेंडू आहे आणि त्या चेंडूवर चक्क चांदणी उमटवलेली आहे. मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत "अटी लागू"च्या आधी असते ना, अगदी तीच. 2007 साली बॅरी बॉन्ड्सने कारकिर्दीतला 756वा होम रन मारून (आपला सिक्सर समजा, बाकीचा फरक सोडून द्या) हँक आरनचा 755चा विक्रम मोडला, तो हा चेंडू. एका फॅशन डिझायनरने तो साडेसात लाख डॉलर मोजून घेतला आणि इंटरनेटवर लोकांनाच विचारलं की याचं काय करू? तसाच संग्रहालयाला देऊ, चांदणी मारून देऊ, की रॉकेटमध्ये घालून अंतराळात सोडून देऊ? चांदणी जिंकली.

कारण उघड होतं. बॉन्ड्सवर स्टेरॉइड्सचा संशय होता आणि तो काही हवेतला नव्हता. पण ज्या 2001च्या मोसमात त्याने 73 होम रन मारले, तेव्हा बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळाडूंची स्टेरॉइड चाचणीच होत नव्हती. ती सुरू झाली 2003 साली, तीही आधी बिनशिक्षेची. म्हणजे सिद्ध काहीच नाही आणि विश्वासही कुणाचा नाही. पत्रकारांनी दहा वर्षं, 2022पर्यंत, त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं नाही. विक्रमांच्या पुस्तकात मात्र 762 हा त्याचा आकडा बिनचांदणीचा छापलेला आहे.

ऑनसाइटला जाऊन आलेले मित्र ही गोष्ट फार रंगवून सांगतात. "त्या लोकांचं बघ, रेकॉर्डची किती काळजी!" वगैरे. मला प्रत्येक वेळी आपली कुस्तीच आठवते.

मी दीपनगरचा. म्हणजे भुसावळच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला. कुस्तीशी माझा संबंध आजूबाजूच्या गावच्या यात्रेत काठावर बसून दंगल बघण्यापुरताच, तेव्हा जाणकारीचा आव आणत नाही. पण खानदेशी माणसाला विजय चौधरी माहीत नाही असं होत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा हा गडी 2014, 2015, 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. तिसऱ्या वेळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर "काय भो, पाहिलं का?" एवढाच मेसेज दिवसभर फिरत होता. सलग तीन गदांचा हा पराक्रम त्याच्याआधी एकानेच केला होता. 2011, 2012, 2013. नरसिंग यादव. (गंमत म्हणजे दोघेही पुढे महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाले.)

आणि चांदणीचा प्रश्न आपल्याकडे येतो तो इथे.

नरसिंगची 2016ची कथा तुम्ही विसरला असाल तर थोडक्यात सांगतो. 2015 साली लास वेगासला जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून त्याने 74 किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशील कुमार म्हणाला, आमची चाचणी कुस्ती लावा, जिंकेल तो जाईल. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि जून 2016मध्ये सुशीलची मागणी फेटाळली गेली. त्याच महिन्यात, 25 तारखेला, सोनीपतच्या शिबिरात नरसिंगचा लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात मेथँडिएनोन सापडलं. हे सरळसरळ स्नायू वाढवणारं स्टेरॉइड आहे, सर्दीच्या गोळीतून चुकून पोटात जाणारं नव्हे. 5 जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही ते निघालं. त्याच्याबरोबर शिबिरात असलेला संदीप यादव, त्याच्याही नमुन्यात तेच.

नरसिंग म्हणाला, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं. 1 ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीने ते मानलं आणि त्याला निर्दोष सोडलं. सगळीकडे आनंदीआनंद. जागतिक संस्था वाडा मात्र क्रीडा लवादाकडे गेली. लवादासमोर तज्ज्ञांचं म्हणणं असं पडलं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पाण्यात भुकटी मिसळल्याने येईल असं नाही, एक-दोन गोळ्या गिळल्यासारखं आहे. कालवाकालवीचा पुरावा काही पुढे आला नाही. 18 ऑगस्टला चार वर्षांची बंदी. कुस्ती दुसऱ्याच दिवशी होती!

आता या सगळ्यात प्रवीण राणा हे नाव तुम्हाला आठवतं का? नाही ना. नरसिंग अडकल्यावर महासंघाने 74 किलोसाठी ज्याचं नाव पाठवलं होतं, तो हा. नरसिंगला नाडाने सोडलं, राणाचं नाव मागे पडलं, मग नरसिंगही बाद. त्या गटात भारताकडून मॅटवर कुणी उतरलंच नाही. चॅनेलवर नरसिंगच्या बाजूचे आणि सुशीलच्या बाजूचे तावातावाने भांडत होते. राणाच्या बाजूचं कुणीच नव्हतं. डोपिंगच्या चर्चा मला खटकतात त्या इथेच. आपण कायम सापडलेल्याचं काय झालं एवढंच बघतो. दुसऱ्या नंबरवर उभा असलेला माणूस चौकटीतच नसतो.

नियम कडक आहे हे खरं. तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची. कसं आलं हे सिद्ध करायचं तेही तुम्हीच. आपल्या नेहमीच्या न्यायाच्या कल्पनेत हे बसत नाही, आरोप करणाऱ्याने सिद्ध करावं असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. तरी मी या नियमाच्या बाजूने आहे. "कुणीतरी कालवलं" एवढ्यावर सुटका होणार असेल, तर उद्यापासून प्रत्येकाच्याच ग्लासात कुणीतरी कालवलेलं असेल. आणि ज्याच्या ग्लासात खरंच कालवलं गेलं त्याच्यावरही मग कुणी विश्वास ठेवणार नाही. नाडाच्या समितीने नरसिंगवर दया केली खरी, पण तिची किंमत राणाने भरली.

मग नरसिंगच्या तीन गदांचं काय करायचं? त्यांच्यापुढे चांदणी लावायची का?

माझं उत्तर: नाही. 2016च्या नमुन्यावरून 2011च्या कुस्तीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नियमही तेच सांगतो, नमुन्याच्या तारखेपासून पुढचे निकाल रद्द होतात, मागचे नाहीत. संशयावर चांदणी लावत सुटलो तर आवडता-नावडता एवढंच उरेल. बॉन्ड्सच्या चेंडूचा निकाल शेवटी लोकांच्या मतांनी लागला, हे काही न्यायाचं लक्षण नाही.

पण म्हणून "झालं गेलं विसरा" असंही मी म्हणणार नाही. महाराष्ट्र केसरीची यादी 1961पासूनची आहे. वर्ष, गाव, विजेता असे तिचे रकाने असतात. चाचणी झाली का, केव्हा, निकाल काय, हा रकाना ज्या याद्या आपण वाचतो त्यांत नसतो. नमुने घेतलेले असोत वा नसोत, वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. नरसिंग त्या तीन वर्षांत स्वच्छ असेल तर त्याचं सगळ्यात मोठं नुकसान या रिकाम्या रकान्याने केलंय. दाखवायला त्याच्याकडे कागदच नाही. उद्या कुणी नतद्रष्ट विजयच्या तीन गदांकडे बोट दाखवील, तेव्हा आम्ही खानदेशवाले तरी काय दाखवणार? छाती ठोकून सांगू फार तर.

आमच्या कॉलनीतले बहुतेक बाप शिफ्टला जायचे. कंट्रोल रूममध्ये लॉगशीट असायची, तासातासाला रीडिंग लिहायचं. चुकीचं लिहिलं गेलं तर खोडरबर चालत नसे. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. जुना आकडा वाचता आला पाहिजे. पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि व्हर्जन कंट्रोल शिकलो तेव्हा नवीन असं काही वाटलं नाही :) मला कुस्तीच्या यादीत हेच हवंय. प्रत्येक ओळीसमोर तिची चाचणी, आणि बदल झाला तर तारीख घालून.

असा बदल दर वेळी समाधानकारक असतो असं नाही. लंडन 2012ला योगेश्वर दत्तला 60 किलोत ब्राँझ मिळालं. रौप्य होतं रशियाच्या बेसिक कुदुखोवचं. तो 2013 साली अपघातात गेला. 2016मध्ये त्याचा जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला तेव्हा त्यात स्टेरॉइड निघालं. योगेश्वर म्हणाला, पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू द्या. पुढे ऑलिंपिक समितीनेही, माणूस हयात नाही म्हणून, प्रकरण बंद केलं. पदकं होती तिथेच राहिली. योगेश्वरचा मोठेपणा मान्य, पण मला विचाराल तर पदक घरी ठेवून यादी दुरुस्त करायला हरकत नव्हती. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"आपल्या मातीतल्या पोरांना कुठलं स्टेरॉइड?" असं कुणी म्हणत असेल तर वाडाचेच आकडे बघा. 2024 साली भारतात 7,113 नमुने तपासले गेले आणि 260 दोषी निघाले. मोठ्या देशांत इतकं वाईट प्रमाण कुणाचं नाही. कुठल्याही शहरातल्या जिममध्ये चार दिवस जाऊन या, लेबल नसलेला डबा पुढे करणारा कुणीतरी भेटतोच.

क्रिकेटवाल्यांनी फार हसू नये. आपला पृथ्वी शॉ फेब्रुवारी 2019मध्ये टर्ब्युटॅलीनसाठी सापडला. खोकल्याच्या औषधातून गेलं म्हणाला, ते मानलं गेलं, आठ महिन्यांची बंदी आली आणि तीही मागच्या तारखेपासून. पदार्थ वेगळा, नियम वेगळा, म्हणून शिक्षा वेगळी, इथपर्यंत ठीक. पण तेव्हा चाचणी, सुनावणी, निकाल सगळं क्रिकेट मंडळाच्याच घरात होतं. ते नाडाच्या कक्षेत यायला तयार झाले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा. महाराष्ट्र केसरीच्या मैदानावर चारचाकी गाड्या बक्षीस दिल्या जातात, तिथे उपांत्य फेरीच्या चौघांचे नमुने परवडत नाहीत हे मला पटवून देऊ नका. प्रयोगशाळेचा निकाल यायला दिवस लागतात, हे मान्य. मग गदा त्याच संध्याकाळी द्या, मिरवणूक काढा, गुलाल उधळा. यादीत मात्र निकाल येईपर्यंत त्या नावापुढे "प्रलंबित" लिहा, आणि त्याच ओळीत उपविजेत्याचंही नाव लिहून ठेवा.