आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

हल्लीची माणसे जीव लावून काम करीत नाहीत, ही तक्रार ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. तक्रार करणारे बहुधा कचेरीत सर्वांत उशिरा येणारे साहेबच असतात! शिस्त, सचोटी, आपलेपणा हे शब्द चौकटीत घालून त्यांनी भिंतीवर टांगलेले असतात. माझे म्हणणे एवढेच की, नोकरवर्ग भिंत वाचीत नाही; तो साहेबाला वाचतो.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचेच पाहा. १८७७ साली ती सुरू झाली, तेव्हा कामगारांची गैरहजेरी ही जमशेटजी टाटांची मोठीच डोकेदुखी होती. नुसता दंडाचा बडगा न उगारता त्यांनी गिरणीत हवा खेळवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले! यात धंद्याचा हिशेब होता, असे कोणी म्हणेल. असेना का! माणुसकीचे आणि हिशेबाचे वैर आहे, असे सांगितले कोणी?

मात्र वाडवडिलांची पुण्याई जन्मभर पुरत नाही. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता, तरी १९२० मध्ये तेथे संप झालाच. प्रत्येक पिढीच्या धन्याला परीक्षा नव्याने द्यावी लागते.

तेव्हा साहेब, दिवाळीला मिठाईचे पुडे खुशाल वाटा. पण आधी वेळेवर या, आणि स्वतःची चूक हाताखालच्याच्या माथी मारू नका. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?