विश्लेषण : किल्ल्यांना जागतिक मान, मांगरांचे काय?

जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे आपल्या जिल्ह्यातले. बागायतीतला मांगर मात्र कोणत्याच यादीत नाही.

मांगर म्हणजे गुरे, गवत, नांगर, नारळ ठेवायला शेतात किंवा बागेत बांधलेली चिऱ्याची वा मातीची इमारत. बैल गेले, पॉवर टिलर आला, मांगर रिकामा झाला. मग पावसाळ्यापूर्वी नळे परतायला कोणी फिरकत नाही. गळती लागली की वासे कुजतात, छप्पर बसते. उघडी पडलेली मातीची भिंत तर कोकणातला पाऊस सोसतच नाही.

१९५८ चा केंद्रीय कायदा शंभरी ओलांडलेल्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंपुरता. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराचा वाडा संरक्षित झाला की आवारातले १ जुलै १९४८ पूर्वीचे गोठे-तबेलेही सहसा त्यात येतात. तशी तरतूद इथे आणली तरी बहुतेक मांगर सुटतील, कारण ते घराच्या आवारात नसतातच.

दुरुस्त करून पर्यटकांना मुक्कामाला देणे हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग. अडते ते सातबाऱ्यावर. जमीन सामायिक, नावे भाराभर, त्यातले बरेच जण मुंबईत. सगळ्यांची संमती जमेपर्यंत आणखी दोन पावसाळे निघून जातात.