विश्लेषण : पनवेलहून गोव्याला मोटारीने... खालून जावे की वरून?

जोडून सुट्ट्या आल्या की पनवेलच्या सोसायट्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. गोव्याला खालून जायचे की वरून? खालून म्हणजे पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने, कोकणातून. वरून म्हणजे कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुणे, कोल्हापूर गाठून मग एखादा घाट उतरून. दोन्ही वाटा पनवेललाच फुटतात, त्यामुळे निर्णय घरातून निघतानाच घ्यावा लागतो. वाद बहुधा किलोमीटर आणि टोलवर अडतो. प्रत्यक्षात सहल कशी होणार हे ठरते सीमेजवळच्या घाटावर, आणि महिना कोणता आहे यावर.

खालच्या रस्त्याचे काय?

पनवेलहून कन्याकुमारीकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६. जुन्या लोकांच्या तोंडी अजून १७ नंबरच आहे. पनवेल ते इंदापूर या पहिल्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पुढे किती मुदती दिल्या गेल्या याची मोजदाद कोकणवासीयांनी सोडून दिली. २०२५ च्या गणेशोत्सवातही इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण तसेच संगमेश्वर परिसरातील काम पूर्ण नव्हते. त्यामुळे चाकरमान्यांचे तासन् तास माणगावातच गेले.

झालेले कामही कमी नाही. पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी घाट हा या रस्त्यावरचा सर्वांत कंटाळवाणा टप्पा होता. तेथील जोडबोगद्यांपैकी एक २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांसाठी उघडला आणि पाऊण तासाचे वळसे काही मिनिटांवर आले. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात मात्र रुंदीकरणासाठी उभा डोंगर कापल्यानंतर दरडींचा त्रास वाढला आणि २०२२ च्या पावसाळ्यात घाट बंद ठेवावा लागला. दुसऱ्याच वर्षी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, चिपळुणात बहादूरशेख नाक्याजवळ बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तो प्रसंग तर कुणी विसरलेले नाही. तेथे नवा पूल उभा राहिला. तरीही पावसाळ्यात रात्री हा रस्ता धरू नये, असे कोकणातला कुठलाही एसटी चालक सांगेल.

वरून गेले तर त्रास संपतो का?

रस्ता रुंद आहे, जेवणाखाण्याची सोय चांगली आहे, अंतर थोडे जास्त असूनही वेळेचा अंदाज बांधता येतो. पण हाही रस्ता पावसापुढे हरतो. जुलै २०२३ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड आली होती. त्याहून मोठी अडचण कोल्हापूरची. पंचगंगा पात्राबाहेर आली की शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तो अनेक दिवस बंद होता. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वरून जाणाऱ्याने घाटाच्या बातमीइतकीच पंचगंगेच्या पातळीची बातमी पाहावी.

मग उतरायचे कुठून?

येथे बहुतेक जण मोबाइलवरच्या नकाशावर विसंबतात आणि चुकतात. नकाशा मिनिटे मोजतो. रस्त्याचा चढ, धुके आणि कठडा त्याला फारसा कळत नाही.

उत्तर गोव्यात पेडणे, म्हापसा किंवा मोपा विमानतळाच्या बाजूला जायचे असेल तर आंबोली घाट सोयीचा. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा अशी ही वाट. गंमत म्हणजे यात कर्नाटकात शिरून पुन्हा महाराष्ट्रात यावे लागते, गोवा लागतो त्यानंतर. ब्रिटिशांच्या काळी वेंगुर्ले बंदरातून बेळगावच्या छावणीकडे रसद याच बाजूने वर जाई. दक्षिण सह्याद्रीतला हा बहुधा सर्वांत देखणा उतार आहे. पण वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या ठिकाणी जुलैत समोरच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. मुख्य धबधबा थेट रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवारी तिथे गाड्या कशाही उभ्या राहतात आणि घाट तुंबतो. पावसाळ्यात जायचेच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी.

साखळी, डिचोली, पणजीकडे जाणाऱ्यांना चोर्ला घाट जवळ पडतो. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि खाली केरी. जंगल दाट, वस्ती विरळ, मोबाइलची रेंज मध्येच जाते. फोंडा, मडगावकडे जायचे असेल तर खानापूर, रामनगरवरून अनमोड घाटाने मोले. तिथे जुलै २०२५ मध्ये रस्त्याचा एक भाग खचला आणि अवजड वाहतूक थांबवावी लागली. चंदगडहून दोडामार्गला उतरणारा तिलारी घाट नकाशावर जवळचा दिसतो, पण त्याचे चढ-उतार आणि वळणे इतकी तीव्र आहेत की सपाटीवर गाडी शिकलेल्याने पहिल्या खेपेला तो टाळलेला बरा.

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे वैभववाडीला उतरणारा करूळ घाट कणकवली-मालवणसाठी उत्तम. तो रुंदीकरणासाठी जानेवारी २०२४ पासून वर्षाहून अधिक काळ बंद होता. बंद असल्याचे अनेकांना गगनबावड्यात पोहोचल्यावर समजले. निघण्याच्या आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाचे किंवा पोलिसांचे ताजे आदेश पाहणे, हा या सगळ्या आखणीतला सर्वांत स्वस्त उपाय.

घाटात गाडी कशी चालवायची हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही, म्हणून दोन गोष्टी. उतारावर ब्रेक दाबून धरू नये. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. आणि अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. हा शिष्टाचार नाही, २०१७ च्या वाहनचालन नियमांतली तरतूद आहे.

राज्याच्या सीमेवर काय लागते?

स्वतःच्या खासगी गाडीला वेगळा परवाना लागत नाही. नोंदणी, विमा, पीयूसी आणि चालक परवाना पुरे. डिजिलॉकरमधील प्रत चालते. प्रश्न येतो तो ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेताना. अशा गाडीला भाडे घेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. घाटरस्त्यावर ही जोखीम दोन-चार हजार वाचवण्यासाठी घ्यायची का, याचा विचार निघण्याआधीच करावा. टॅक्सी घेतली तर तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे विचारावे.

परतीच्या वेळी बांद्याजवळ इन्सुलीच्या उत्पादन शुल्क नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. केवळ गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि गाडीही जप्त होऊ शकते. ‘गोव्याचा परवाना काढला की चालते’ हा समज महागात पडतो.

टोलसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅग वार्षिक पास मिळतो, सुरुवातीला त्याची किंमत तीन हजार रुपये होती. मर्यादा एक वर्ष किंवा २०० फेऱ्या. पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू राज्याचे असल्याने तिथे नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांना राज्य सरकार टोलमाफीचे पास देते, ते आरटीओ किंवा पोलीस ठाण्यातून आधी घ्यावे लागतात.

गाडी रेल्वेवर चढवून नेता येते?

कोकण रेल्वेने २३ ऑगस्ट २०२५ पासून कोलाड ते वेर्णा अशी मोटारींची रो-रो सेवा सुरू केली. तेव्हा एका गाडीमागे ७,८७५ रुपये, सोबत जास्तीत जास्त तीन प्रवासी, त्यांचे तिकीट वेगळे होते. कोलाडला दुपारी दोनपर्यंत पोहोचावे लागे, रेल्वे संध्याकाळी पाचला सुटत असे आणि पहाटे वेर्ण्याला लागत असे. प्रतिसाद बेताचाच होता, म्हणून पुढे नांदगावचा थांबा देण्यात आला. पाच जणांच्या कुटुंबाला हा हिशेब जमत नव्हता, आणि पनवेलहून कोलाडपर्यंत महामार्ग ६६ चाच रस्ता तुडवावा लागत होता.