सांता, पांडव आणि बिंदगंभर आंबील

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला, की आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर बर्फ पडतो. कापसाचा! हाऊसकीपिंगचे मामा दोन पिशव्या कापूस पिंजतात, प्लॅस्टिकच्या झाडावर थापतात आणि वर लाल-हिरव्या माळा सोडतात. बाहेर पुण्याचं दुपारचं ऊन, आत आपलं घरगुती स्वित्झर्लंड. मी मूळचा बीड जिल्ह्यातला. एवढा पांढराशुभ्र कापूस दिसला, की मला बर्फबिर्फ नाही, क्विंटलचा भाव आठवतो.

तर अशाच एका डिसेंबरात सिक्रेट सांताच्या चिठ्ठ्या काढणं चालू होतं. टीममधल्या एकीनं सहज विचारलं, "ए, तुमच्या बीडला ख्रिसमसला काय करतात रे?"

मी म्हटलं, "शेतात जातो. कडब्याची झोपडी बांधतो. पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतो. मग घागरीतून आंबट ताक पितो, तेच पिकावर शिंपडतो आणि अंधार पडला की पेटती पेंढी घेऊन गावाकडे पळतो."

दोन सेकंद शांतता. मग सगळे असे काही हसले, की पलीकडच्या क्युबिकलमधला क्लायंट कॉल म्यूट करावा लागला. मी मस्करी करतोय, असंच वाटलं त्यांना. पण बॉस, यातला शब्द न् शब्द खरा आहे. फरक इतकाच, की आम्ही त्याला ख्रिसमस म्हणत नाही. येळवस म्हणतो.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा सण दिवाळीच्या तोडीचा. आमच्या बीडमध्ये लातूरला खेटून असलेल्या अंबाजोगाई-परळीच्या पट्ट्यात तो होतो. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच 'एळ्ळ अमावास्या'. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ती कधीही येते, म्हणजे ख्रिसमसच्या आगेमागेच घुटमळते. आणि कधीकधी तर चक्क त्याच्यावरच येऊन बसते!

२५ डिसेंबर २०००, सोमवार. मी चौथीत होतो. गुरुजी म्हणाले, "सोमवारी शाळेला सुट्टी." कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? येळवस होती ना! संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या. दिल्ली बंद, मुंबई बंद, बँका बंद. माझी छाती फुगली. अख्खा देश आमच्या येळवशीसाठी सुट्टी घेतो! हा गैरसमज बराच काळ टिकला. पुढे पुण्याला हॉस्टेलवर रूम पार्टनरनं तो दूर केला तेव्हा मला, खरं सांगतो, थोडं वाईटच वाटलं.

सणाचा मेन्यू ऐका. 'भज्जी' हा स्टार आयटम. भजी नव्हे, भज्जी! ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगं... शेतात त्या दिवशी जे जे हिरवं उभं असेल ते सगळं एका पातेल्यात, वरून बेसन. सोबत बाजरीची भाकरी, बाजरीचेच वाफवलेले उंडे, शेंगदाण्याची पोळी आणि गव्हाची गूळ घातलेली खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक एकत्र आंबवून त्यात लसूण, मीठ घालतात. हे आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन घरातल्या बायका शेताकडे निघतात. दुपारी दोन वाजता तीन ग्लास आंबील पिऊन बाभळीखाली आडवं व्हा. जगातल्या कुठल्याही वाईनला हा हँगओव्हर जमणार नाही.

मधेच आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी मारायची असते. तेव्हा म्हणायची एक आरोळी आहे, निम्मी कानडी. तिचा अर्थ आमच्या गावात कुणालाच सांगता येत नाही, पण ओरडतात सगळे बेंबीच्या देठापासून.

आता तुम्ही म्हणाल, काय विचित्र प्रकार! मग थांबा, जरा जगाची फेरी मारू.

जपानमध्ये १९७४ साली केएफसीनं जाहिरातींचा असा धडाका लावला, की ख्रिसमस म्हणजे फ्राइड चिकन, हे समीकरणच होऊन बसलं. आजही लोक कित्येक दिवस आधी ऑर्डर नोंदवतात. व्हेनेझुएलाच्या कराकसमध्ये ख्रिसमसच्या दिवसांत लोक पहाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जातात ते चाकाचे स्केट्स घालून, आणि त्यासाठी रस्ते मोकळे ठेवतात. स्वीडनमध्ये येव्ले नावाचं शहर आहे (आपल्या येवल्याशी संबंध नाही, तिथे पैठणी मिळत नाही). तिथे १९६६ पासून दर डिसेंबरला भर चौकात जवळपास १३ मीटर उंचीचा पेंढ्याचा बोकड उभारतात. आणि कुणीतरी गुपचूप येऊन तो पेटवून देतं! असं पहिल्याच वर्षी झालं आणि त्यानंतर कितीतरी वेळा. २०२३ मध्ये त्याला आग लागली नाही, तर पाखरांनी तो खाल्ला, कारण पेंढ्यात दाणे राहून गेले होते. हे वाचून माझे वडील एवढंच म्हणाले, "मळणी नीट केली नसंल."

पण खरी गंमत आहे ती गव्हाणीच्या देखाव्याची. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून ख्रिसमसला गोठा मांडतात. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसनं खराखुरा बैल, गाढव आणि गवत आणून हा देखावा उभा केला आणि तिथून ही पद्धत पसरली. गोव्यात पोरं गवताचा गोठा करतात आणि त्यात हिरवं शेत दिसावं म्हणून आधी नाचणी पेरून ठेवतात. आपण घटाला धान्य पेरतो, अगदी तसंच. स्पेनच्या कातालोनियात तर या पवित्र देखाव्याच्या कोपऱ्यात लाल टोपीवाला एक शेतकरी असतो, चक्क परसाकडे बसलेला! त्यानं जमिनीला खत मिळतं आणि पीक जोमानं येतं, असा अर्थ लावतात. हे मी आईला सांगितलं. ती लाजली, मग म्हणाली, "खरंच हाय की."

आणि पोलंड. तिथे २४ डिसेंबरच्या रात्री बारा पदार्थांचं जेवण असतं. टेबलक्लॉथखाली चिमूटभर गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. न बोलावता कुणी दारात आलं, तर त्याच्यासाठी.

इथे मी थबकलो. कारण येळवशीचा मुख्य नियम हाच आहे. आमंत्रण नसतं. बांधावरून जाणारा ओळखीचा असो, अनोळखी असो, हात धरून आणायचा आणि जेवायला बसवायचा. गवताचा निवारा आणि न बोलावलेल्या पाहुण्याचं ताट! पोलंडमध्ये आणि आमच्यात अंतर फक्त बाजरीचं.

त्या कडब्याच्या झोपडीला आम्ही 'कोप' म्हणतो. कोप म्हणजे राग नव्हे. चार पेंढ्या, एक दोरी, आत चुन्याचे पांडव. वर्षातून एक दिवस शेतकऱ्याचं अख्खं घर त्या सावलीला येऊन बसतं.

हाच शब्द बीड जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी ऐकू येतो. दसरा-दिवाळी झाली, की आमच्याकडची गावंच्या गावं ऊस तोडायला बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे माणूस म्हणून मोजत नाहीत, 'एक कोयता' म्हणतात. परतायचं ते मार्च-एप्रिलमध्ये. आणि फडाजवळ पाचट, बांबू आणि प्लॅस्टिकचं जे खोपट उभारून ही माणसं राहतात, त्याला म्हणतात कोपी.

माझे धाकटे काका-काकू मी लहान असल्यापासून तोडीला जातात. २००० सालच्या त्या येळवशीलाही ते नव्हते. आजी त्यांच्या नावानं भज्जीचा एक वाडगा बाजूला काढायची आणि शेवटी तो मला द्यायची. मला तो सणाचा बोनस वाटायचा.

२०२२ मध्ये येळवस २३ डिसेंबरला आली, शुक्रवारी. ख्रिसमस रविवारी, म्हणजे हक्काची सुट्टी बुडाली म्हणून ऑफिसात सुतक. मी शुक्रवारची रजा टाकली. टीम लीडरनं विचारलं, "येळवस? हा कुठला सण? यादीत नाहीये." लातूरचे कलेक्टर त्या दिवशी जिल्ह्याला स्थानिक सुट्टी देतात हो, पण आमचे टीम लीडर कलेक्टरपेक्षा मोठे! शेवटी पोट बिघडलं म्हणून कळवलं आणि गावी गेलो. दोन दिवस खाऊन ते खरोखरच बिघडवूनही घेतलं.

रविवारी परत निघताना आईनं शेंगदाण्याच्या पोळ्यांचा आणि उंड्यांचा डबा हातात दिला. "काकूला दिऊन ये. वाटंवरच हायेत ते औंदा."

वाटेवर म्हणजे इंदापूरच्या पुढे हायवे सोडून आत. मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. फडात तोड चालूच होती, कारण उसाला रविवार नसतो आणि नाताळही नसतो. आम्ही दांडी मारली तर सिक लीव्ह. त्यांनी मारली तर 'खाडा', म्हणजे पैसे कापले जाणार. काकू डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. वय पन्नाशीच्या पुढचं. मला बघून ओझं टाकून खाली आली.

कोपीत वाकून शिरावं लागलं. एक चूल, दोन गोधड्या, कोपऱ्यात पत्र्याची पेटी. शेजारच्या कोपीत महिन्याभराचं बाळ होतं, तिथेच जन्मलेलं. परगावी गेलेलं जोडपं, गवताचा आडोसा, त्यात बाळ... सकाळपासून मोबाइलवर त्याच चित्राचे पन्नास शुभेच्छा-मेसेज आले होते. त्यातलं एकही त्या क्षणी उघडून बघवेना.

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काकू, येळवस हुकली की तुमची."

ती हसली. "हुकती कशाची? कोप हाय, रान हाय. रोजचीच येळवस हाय आमची. रान तेवढं दुसऱ्याचं."

मी डबा देऊन निघायला लागलो, तर तिनं मनगट धरलं. "बस खाली. येळवशीचा माणूस उपाशी जात नसतो." भाकरी आणि ठेचा होता. माझ्यासाठी वाढलं म्हणजे रात्रीसाठी कमी पडणार, हे दिसत होतं. तरी बसलो, कारण नाही म्हणणं त्याहून वाईट झालं असतं. आजूबाजूच्या कोप्यांतली पोरं जमली आणि पोळ्यांचा डबा पाच मिनिटांत रिकामा झाला. काकूच्या वाट्याला अर्धी आली. ती तिनं पदरात बांधली, काकांसाठी.

सोमवारी ऑफिसात रिवाजानुसार प्रश्न आला, "काय मग, ख्रिसमसला काय केलंस?"

"जेवायला गेलो होतो," मी म्हटलं. "न बोलावता."

त्यानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, रजेच्या अर्जावर कारण खरं लिहायचं. हल्ली मी 'येळवस' असंच टाइप करतो. टीम लीडर कुरकुरतात, पण रजा देतात. गेल्या खेपेला तर त्यांनी भज्जीचा डबा मागितला. दोन, हायवेवर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो, की हॉर्नवरचा हात काढून घ्यायचा. त्या मोळ्या कुणीतरी डोक्यावरून वर चढवलेल्या असतात.

आणि तुम्हाला कधी वाटलं, तर कॅलेंडरमध्ये मार्गशीर्ष अमावास्या शोधा आणि अंबाजोगाई-लातूर रस्त्याला लागा. शेतात कडब्याची कोप दिसली, की गाडी बाजूला घ्या. ओळख सांगावी लागणार नाही. फक्त आंबिलाचा तिसरा ग्लास घेण्याआधी विचार करा, परत गाडी चालवायची आहे!